नानांच्या कॉम्प्युटरची साफसफाई

पितांबर नानांनी कॉम्प्युटरला आपण होऊन हात लावला नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. जळगावच्या पिंप्राळ्यात या प्रकरणाच्या ज्या चार-पाच आवृत्त्या फिरतात, त्या सगळ्यांत नाना रिकामटेकडे आणि खटपटे ठरतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे. रिकामटेकडे ते होतेच. सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेला माणूस दुसरं काय असणार? पण खटपटे मुळीच नव्हते. उभ्या नोकरीत त्यांनी एखादी फाइल पुढे ढकलण्याची खटपट केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. त्यांच्या हातून जे घडलं ते खटपटीने नव्हे, भिडेने घडलं.

कॉम्प्युटर धाकट्या लेकीच्या, नूतनच्या, कॉलेजच्या वेळी घेतलेला. सुरुवातीला पळायचा. आता म्हातारा झाला होता. त्याचं बटण दाबून नानांच्या पत्नी बेबाबाई कुकर लावायच्या, डाळ शिजायची, तरी पडद्यावर आपलं ते गोल गोल फिरतच असायचं. नानांना त्याच्याविषयी सहानुभूती होती. कामाला लागण्यापूर्वी थोडा वेळ घेणं हे त्यांच्या खात्यात कुणी वावगं मानत नसे.

पण येत्या शुक्रवारी त्याच कॉम्प्युटरवरून नूतनचा इंटरव्ह्यू होता. पुण्याच्या एका कंपनीत लोकांचे अडलेले कॉम्प्युटर फोनवरून सुरू करून देण्याची नोकरी होती. उमेदवाराने घरच्या कॉम्प्युटरवरून, आपला पडदा साहेबांना दाखवत, काम करून दाखवायचं, अशी अट. नूतन भुसावळला एका क्लासमध्ये शिकवायची, रोज गाडीने जा-ये करायची, आणि अशा नोकरीसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. याआधीचे दोन इंटरव्ह्यू हुकले होते. एकदा लाइट गेली, एकदा नेट गेलं.

तिसरा हुकला तर काय, हेही घरात ठरून गेलं होतं. थोरली कामिनी धुळ्याला दिलेली. तिचे सासरे प्रेमराज आबा यांनी नूतनसाठी एक स्थळ आणलं होतं. धुळ्यातल्याच देवपुरात मुलाचं स्वतःचं मेडिकल, दोन मजली घर, मुलगा निर्व्यसनी, फक्त बोलत नाही. नूतनच्या मनात नव्हतं. पण व्याह्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं? तेव्हा नानांनी सांगितलं, “आबा, एवढा इंटरव्ह्यू होऊ द्या, मग पाहू.” कचेरीच्या भाषेत प्रकरण विचाराधीन ठेवलं. इंटरव्ह्यू फसला तर आपण होकार देऊ, असं नूतनने आईला एकदा वैतागून सांगून टाकलं होतं, आणि ते नानांनी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं होतं. तेव्हापासून शुक्रवार त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

रविवारी नूतनने बजावलं, “नाना, हळू चालतोय तर हळू चालू द्या. माझं काम होण्यापुरता तो ठीक आहे. शुक्रवारपर्यंत कुणी हात लावू नका.”

नानांनी मान डोलावली. हात लावायचा नाही, हे कबूल. पण चौकशी करायला कुणाची बंदी होती?

पहिली चौकशी समोरच्या हितेंद्र सरांकडे झाली. सर शाळेत भूगोल शिकवत आणि शाळेबाहेर बाकीचे सगळे विषय. त्यांनी कॉम्प्युटर न पाहताच निदान केलं की रजिस्ट्री तुंबली आहे. रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली नोंदवही. कोणता प्रोग्रॅम कुठे ठेवलाय, कोणती गोष्ट कशाने उघडायची, सगळं तिथे लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं त्यात जुन्या, मेलेल्या प्रोग्रॅमच्या नोंदी साचतात आणि मशीन जड होतं.

हे ऐकून नाना चमकले. म्हणजे कॉम्प्युटरचं सर्व्हिस बुकच की! तिसेक वर्षं त्यांनी लोकांची सर्व्हिस बुकं सांभाळली होती, आणि त्यातली एक चुकीची नोंद माणसाचं पेन्शन कसं अडवते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आपल्याच घरात एक सर्व्हिस बुक असं चुकांनी भरलेलं पडून असावं, आणि तेही पोरीच्या इंटरव्ह्यूच्या तोंडावर, हे त्यांना सहन होईना. सर म्हणाले, त्यावर रजिस्ट्री साफ करणारी सॉफ्टवेअर मिळतात, आणि सगळ्यांत उत्तम ते झाडूचं चित्र असलेलं.

एकाच्या शब्दावर खरेदी करायची नाही, तीन ठिकाणचे भाव मागवायचे, हा कचेरीचा नियम नानांच्या हाडीमाशी भिनलेला. त्यांनी धुळ्याला व्याह्यांना फोन लावला. आबा मूळचे सावद्याकडचे, पण धुळ्यात सारा जन्म काढून बोलणं पार अहिराणी झालेलं. त्यांनी ढालीचं चित्र असलेलं सॉफ्टवेअर सांगितलं. “बठ्ठा कचरा काढी टाकस ते,” आबा म्हणाले. “मन्ही सूनले इचारी ल्या.” सुनेला, म्हणजे कामिनीला, विचारलं तर ती म्हणाली की घरातला कॉम्प्युटर आबांनी ढाल टाकल्यापासून बंदच आहे, पण तुम्ही हे बोलू नका.

तिसरा भाव सावद्याहून आला. बेबाबाईंचा भाऊ दीपक तिथे केळीचा व्यापारी. त्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर रोज केळीच्या ट्रकांची बिलं निघत, म्हणून नातलगांत तो कॉम्प्युटरमधला जाणकार गणला जाई. त्याने गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या डॉक्टरचं चित्र असलेलं सॉफ्टवेअर सुचवलं. नुसतं सुचवून थांबला नाही. पेनड्राइव्हमध्ये भरून, केळीच्या दोन फण्यांसोबत, जळगावला येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती पाठवूनही दिलं.

नानांनी फुलस्केप कागदावर तुलनात्मक तक्ता काढला. झाडू, डॉक्टर, ढाल. दराच्या रकान्यात तिघांच्याही नावापुढे ‘मोफत’ आलं आणि तिथेच गाडी अडली. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करायची हे त्यांना येत होतं; तिघेही फुकट काम करायला तयार असल्यावर काय करायचं, याचं परिपत्रक निघालेलं नव्हतं. गुणांचा रकाना काढावा तर तिघांची जाहिरात एकच: कॉम्प्युटर नव्यासारखा पळेल. दोषांच्या रकान्यात नानांनी ढालीपुढे बारीक अक्षरात ‘कामिनी’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. कागद कुणाच्या हाती पडला तर लेकीला सासरी त्रास नको. शेवटी त्यांनी असा शहाणपणाचा निर्णय घेतला की तिन्ही नाकारायची. इथे ते खरोखर थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती.

गुरुवारी सकाळी नूतन भुसावळला गेली आणि पाठोपाठ आबांचा व्हिडिओ कॉल आला. ढाल टाकली का, म्हणून विचारू लागले. नाना घुटमळले. स्थळाचं आधीच लोंबकळत ठेवलेलं. आता फुकटचं सॉफ्टवेअरही नाकारलं तर व्याही काय समजतील? आमचं काहीच यांना चालत नाही, असंच ना? आणि मग त्याचं उट्टं कामिनीच्या वाट्याला. लेकीच्या सासरच्या मंडळींनी पुढे केलेलं ताट मागे सारायचं नसतं, भूक असो वा नसो. नानांनी फोन कॉम्प्युटरसमोर उभा करून ठेवला आणि आबांच्या नजरेखाली ढाल उतरवून घेतली.

ढाल बसल्याबरोबर भोंगा वाजला. पडद्यावर लाल अक्षरं आली की आपल्या कॉम्प्युटरमध्ये आठ हजारांवर चुका सापडल्या आहेत. नाना हादरले. आठ हजार चुका तर त्यांच्या अख्ख्या कचेरीत नव्हत्या. ‘दुरुस्त करू का?’ असं ढालीने विचारलं. नानांनी ‘हो’ वर टिचकी मारली. तेव्हा कळलं की चुका मोजणं मोफत, दुरुस्ती नव्हे. खाली मदतीचा नंबर होता. तो लावल्यावर एका गोड आवाजाने बराच वेळ त्यांचा कॉल कसा महत्त्वाचा आहे हे सांगितलं आणि मग दुसऱ्या आवाजाने त्यांचं नाव, जन्मतारीख नि कार्डाचा नंबर विचारला. नानांनी उलट त्यालाच त्याचं नाव, हुद्दा आणि वरिष्ठांचं नाव विचारलं, आणि आपल्या तक्रारीचा आवक क्रमांक मागितला. फोन कट झाला. तेवढ्यापुरता विजय नानांचा होता.

बेबाबाई हे सगळं भाजी निवडत ऐकत होत्या. एरवी त्या साधं शहरी बोलत. राग आला की माहेरची बोली जिभेवर येई.

“धुय्याचं चालते अन् सावद्याचं नाही चालत?” त्या म्हणाल्या. “माह्या भावानं केयी पाठवल्या, त्या खाल्ल्या. त्याचं औषध तेवढं वाईट काय?”

केळी खरंच खाल्ली होती. नानांनी पेनड्राइव्ह लावला आणि डॉक्टर आत गेले. डॉक्टरांनी आल्या आल्या तपासणी करून सांगितलं की या कॉम्प्युटरला एक गंभीर आजार आहे, आणि त्याचं नाव ढाल. काढून टाकू का? इतक्या अदबीने कुणी विचारल्यावर नाना काय म्हणणार? ‘हो’ म्हणाले. तोवर ढालीनेही डोळे वटारले. घरात चोर शिरलाय, त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप आहे, हाकलू का? नानांनी तिलाही ‘हो’ म्हटलं. एकाचं ऐकायचं आणि दुसऱ्याचं नाही, हा पक्षपात त्यांच्या स्वभावात नव्हता.

अर्धवट मेलेली ढाल आणि अर्धवट हाकललेला डॉक्टर पडद्यावर एकमेकांच्या चुका मोजत असताना, शाळा सुटून हितेंद्र सर आले. आपल्याला विचारून दुसऱ्यांची टाकली, हे पाहून त्यांचा चेहरा पडला. ते रागावले नाहीत. नुसते खुर्चीत बसून राहिले. चहा घेतला, दुसऱ्यांदा घेतला, उठेनात. समोरासमोर दार, रोजचं तोंड बघणं. नानांनी झाडूही उतरवला. सर समाधानाने म्हणाले की आता हा त्या दोघांनाही झाडून काढील, आणि घरी गेले.

झाडूने खरंच जोर धरला. पडद्यावर एक झाडू डावीकडून उजवीकडे सपासप फिरत होता, नोंदी उडत होत्या, आणि खाली लिहिलं होतं की काम पूर्ण होईपर्यंत कृपया मशीन बंद करू नये. नानांना दिवसभरात प्रथमच बरं वाटलं. तेवढ्यात बेबाबाई देवापाशी दिवा लावून, हात जोडत बाहेर आल्या आणि पडद्याकडे पाहून जागच्या जागी थबकल्या.

“दिवेलागनीच्या टायमाले घरात झाडू चालवता काय?” त्या म्हणाल्या. “उद्या पोरीचं काम हाये. लक्ष्मी बाहीर काढता काय तुम्ही?”

नाना म्हणाले, अगं हा खरा झाडू नाही. त्या म्हणाल्या, मग दिसतो कसा? नानांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण एकदा लाइट गेली, एकदा नेट गेलं, आणि आता तिसऱ्या वेळी, दिवेलागणीला, खरा असो की चित्रातला, झाडू चालू ठेवायची छाती कुठल्या बापाची होईल? त्यांनी झाडूला थांबवायचं बटण शोधलं. सापडेना. बेबाबाई दिव्याकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत होत्या. नानांनी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं.

थोड्या वेळाने, आता लक्ष्मी स्थिरावली असेल असा अंदाज घेऊन, त्यांनी कॉम्प्युटर परत लावला. तो सुरू झाला. आणि कधी नव्हे तो झटकन सुरू झाला. नानांचा ऊर भरून आला. त्यांनी इंटरनेटच्या चित्रावर टिचकी मारली, तर कॅल्क्युलेटर उघडला. नूतनने इंटरव्ह्यूसाठी टाकलेला प्रोग्रॅम उघडला, तर कॅल्क्युलेटर. कामिनीच्या लग्नाचे फोटो, कॅल्क्युलेटर. बंद करायला गेलं तर आणखी एक कॅल्क्युलेटर. कशाने काय उघडायचं, या सर्व्हिस बुकातल्या नोंदी झाडूने अर्ध्या उडवल्या होत्या आणि अर्ध्यावरच त्याचा श्वास कोंडला होता.

नूतन घरी आली तेव्हा पडद्यावर अकरा कॅल्क्युलेटर होते आणि नाना त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पर्स ठेवली, हात-पाय धुतले, खुर्ची ओढून बसली आणि एकेक कॅल्क्युलेटर बंद करू लागली. नानांनी सगळी हकीकत सांगितली. व्याही, मेहुणे, शेजारधर्म, दिवेलागण. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “नाना, मी एकच गोष्ट सांगितली होती ना?”

नानांना लाज वाटली. नोकरीत त्यांनी पुष्कळ मेमो पचवले होते, पण असा एकही नव्हता. आपल्या हाताने आपण पोरीचं नशीब देवपुरातल्या त्या न बोलणाऱ्या मुलाच्या मेडिकलमध्ये नेऊन ठेवलं, हे त्यांच्या मनातून जाईना. ताटावर बसले पण भाकरी चिवडूनच उठले.

नूतनने मशीनला मागे नेलं. कॉम्प्युटर स्वतःची जुनी स्थिती राखून ठेवतो, आणि वाटलं तर सोमवारी जसा होता तसा परत होऊ शकतो, हे ऐकून नानांना त्याचा हेवा वाटला. शुक्रवारी सकाळपर्यंत तो पूर्ववत झाला. म्हणजे पुन्हा कुकर शिजेपर्यंत गोल गोल फिरू लागला, आणि ते पाहून घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. डॉक्टर आणि झाडू गेले. ढालीची मात्र एक मुळी कुठेतरी राहिली होती. ती खणायला वेळ नव्हता, कारण पुण्याचे साहेब, सोबतच्या दोघांसह, पडद्यावर आले होते.

नानांना पडद्याआड, म्हणजे आतल्या खोलीच्या दाराच्या पडद्याआड, उभं राहायची परवानगी होती. बोलायची नव्हती. इंटरव्ह्यू छान चालला होता. साहेब विचारत होते, नूतन सांगत होती, मधूनमधून करून दाखवत होती. आणि अचानक भोंगा वाजला. पडद्यावर लाल अक्षरं: आठ हजारांवर चुका. तिकडे पुण्यातही तीच लाल अक्षरं दिसली. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? नानांनी डोळे मिटले.

“सर, हे काल जे झालं त्यातलं उरलेलं आहे,” नूतन शांतपणे म्हणाली. “तुमची परवानगी असेल तर सांगते. एक युजर होते. त्यांच्या कॉम्प्युटरला काही झालं नव्हतं. पण त्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही. त्यांनी लोकांच्या आग्रहाखातर एका दिवसात पाच क्लीनर टाकले, आणि—”

“पाच नाही,” पडद्याआडून आवाज आला. “तीन.”

नानांना खरं तर जीभ चावायची होती, पण तोवर त्यांचे पाय त्यांना कॅमेऱ्यासमोर घेऊन आले होते. खोटी नोंद डोळ्यांदेखत होऊ देणं त्यांना आजवर जमलं नव्हतं.

“दोन त्यांच्यासोबत आपोआप आले होते, नाना,” नूतन म्हणाली. “वऱ्हाडात न बोलावलेले येतात तसे.”

साहेबांनी विचारलं, हेच का ते युजर? नूतन म्हणाली, “हो सर. माझे वडील. चिडून उपयोग नव्हता सर. त्यांनी जे केलं ते माझ्या कामासाठी केलं होतं. मी मशीन मागे नेलं. ढाल तेवढी राहिलीय, ती आता तुमच्यासमोर काढते.” आणि तिने ती मुळी शोधून, एकेक पायरी समजावत, उपटायला घेतली.

साहेब बघत होते. मग खुर्चीत पुढे झुकून त्यांनी थेट नानांना विचारलं की त्यांचाही घरचा कॉम्प्युटर फार हळू झालाय, आणि सासऱ्यांनी एक झाडूवालं सॉफ्टवेअर सुचवलंय. तुमचा अनुभव काय म्हणतो?

आठवडाभर अख्ख्या खानदेशाने नानांना सल्ला दिला होता. नानांना सल्ला विचारणारा हा पहिलाच माणूस. त्यांनी चष्मा नीट केला.

“साहेब,” नाना म्हणाले, “सासऱ्यांना टाकलं म्हणून सांगा. आणि टाकू नका.”

पुण्याकडचे तिन्ही चेहरे हसायला लागले. नूतनने कपाळाला हात लावला, पण तीही हसत होती.

नोकरी लागल्याची बातमी सोमवारी आली आणि श्रेय घेणारे त्याच संध्याकाळपासून. हितेंद्र सरांनी झाडूचा प्रभाव म्हणून पेढे मागितले. दीपकने डॉक्टरांच्या वतीने आणखी दोन फण्या पाठवल्या. नाना सगळ्यांना हो हो म्हणत राहिले. मग धुळ्याहून फोन आला.

“मी सांगेल व्हतं ना, व्याही,” आबा म्हणाले. “ढाल टाका, बठ्ठं काम व्हई जाई.” मग त्यांनी पुढचं विचारलं. “मंग आते त्या मेडिकलवाला पोऱ्याले काय सांगू?”

नानांच्या तोंडात ‘पाहू’ आलं होतं. तीस वर्षांची सवय. समोर नूतन कॉम्प्युटरपाशी बसली होती, पाठमोरी, पण तिचे हात थांबले होते.

“नाही म्हणून सांगा, आबा,” नाना म्हणाले. “पोरीच्या मनात नाही. आणि माझ्याही नाही.”

नानांना कामिनी आठवली, मानपान आठवले. तरी त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

“बरं,” आबा शेवटी हळू आवाजात म्हणाले. “पन ती ढाल तरी ठेयेल शे ना?”

“म्हणजे काय,” नाना म्हणाले. “तिच्यावर तर सगळं चाललंय.”